उरलेल्या मेणाची मूर्ती

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



तमिळनाडूत कुंभकोणमपासून सुमारे आठ किलोमीटर अंतरावर, कावेरीच्या काठी स्वामीमलै नावाचे एक लहानसे गाव आहे. तमिळ भाषेत ‘मलै’ म्हणजे डोंगर. परंतु तंजावरचा तो सारा प्रदेश भातशेतीचा आणि सपाट. तेथे निसर्गाने डोंगर दिलेला नाही, म्हणून माणसांनी उंचवटा रचला आणि त्यावर स्वामीनाथाचे, म्हणजे कार्तिकेयाचे मंदिर उभारले. कार्तिकेयाच्या सहा प्रमुख स्थानांपैकी हे चौथे मानले जाते. देवापर्यंत पोहोचण्यासाठी येथे साठ पायऱ्या चढाव्या लागतात. प्रभव, विभव अशी साठ संवत्सरे पंचांगात असतात. त्यांतील एकेक नाव एकेका पायरीला दिलेले आहे. भाविक साठ पायऱ्या चढतो तेव्हा तो जणू साठ वर्षांचे एक पूर्ण आवर्तन चढून वर येतो. साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या शाळेच्या मेळाव्यात या गावाची आठवण व्हावी, याचे पहिले कारण हे. दुसरे कारण त्या गावच्या भट्ट्यांत आहे आणि आजचा विषय त्या भट्ट्यांतूनच निघाला आहे.

मराठी माणसाला हा मुलूख अगदीच परका नाही. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले आणि पुढे १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांची गादी होती. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांच्या काळात, १८०३ मध्ये, भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव हे १८२८ मध्ये कुंभकोणमलाच जन्मले. त्यांच्या घरची भाषा मराठी होती. तेव्हा कुंभकोणमजवळच्या एका गावाकडून चार गोष्टी शिकायच्या, तर त्यात मराठी मनाला संकोच वाटण्याचे कारण नाही.

स्वामीमलैचे स्थपती पंचधातूच्या मूर्ती ओततात. चोळ राजांनी मोठी मंदिरे बांधली, त्या मंदिरांसाठी मूर्ती घडविणारी घराणी या भागात स्थिरावली, अशी तेथील परंपरा सांगते. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या भारत मंडपम् समोर उभारलेली नटराजाची भव्य मूर्ती अनेकांनी छायाचित्रांत पाहिली असेल. पीठासह २७ फूट उंचीची आणि सुमारे १८ टन वजनाची ती मूर्ती याच गावच्या स्थपतींनी याच पद्धतीने घडविली.

ही पद्धत समजून घेण्यासारखी आहे. स्थपती प्रथम मेणाची मूर्ती करतो. मधमाश्यांचे मेण, राळ आणि थोडे शेंगदाण्याचे तेल एकत्र करून हे मेण तयार होते. मूर्तीचे प्रमाण ठरविण्यासाठी नारळाच्या झावळीची एक पात घेतात आणि तिला ठरावीक घड्या घालून मोजपट्टी करतात. मेणाची मूर्ती झाली की तिच्यावर मातीचे थर चढतात. पहिला थर कावेरीच्या पात्रातल्या अतिशय तलम गाळाचा. त्यात भाताचे जळके तूस आणि शेण मिसळलेले असते. पुढचा थर शेतातल्या चिकणमातीचा, त्यावर जाड वाळूमिश्रित मातीचा. साचा सावलीत वाळतो, मोठा असेल तर त्याला लोखंडी सळ्या व तारा बांधतात. मग तो गोवऱ्यांच्या आणि लाकडाच्या आचेवर तापवितात. आतले मेण वितळते, ठेवलेल्या वाटेने बाहेर वाहून येते आणि त्याची जागा रिकामी होते. त्या पोकळीत वितळलेला धातू ओतला जातो. धातू थंडावल्यावर साचा फोडतात आणि मूर्ती बाहेर येते. साचा एकदाच वापरता येत असल्याने प्रत्येक मूर्ती एकुलती एक असते.

आता याच कामाकडे ‘उरते काय आणि जाते कोठे’ या दृष्टीने पाहावे. वाहून आलेले मेण पाण्यात धरतात, थिजले की उचलतात आणि पुढच्या मूर्तीला वापरतात. धातू आत जाण्यासाठी ठेवलेल्या वाटांतही धातू थिजतो. ते दांडे कापून पुन्हा मुशीत जातात. कानशीने घासताना पडलेला कीस जमिनीवरून गोळा होतो, कारण तो तांब्याचा आहे आणि तांब्याला भाव आहे. ओतीव बिघडली तर ती मूर्तीही पुन्हा वितळते. तुसाने, शेणाने आणि मातीने बनलेला साचा फुटल्यावर जेथे पडेल तेथे जमिनीला अपाय करीत नाही. धातू किती लागेल हेसुद्धा मेणाच्या वजनावरून आधीच काढलेले असते. मेणाच्या साधारण आठ ते दहा पट धातू, हा हिशेब जुन्या ग्रंथांतही आढळतो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मूर्ती ओतण्याची ही रीत वर्णिलेली आहे. आधी वजन, मग काम. त्यामुळे उधळपट्टीला वाव कमी.

शिल्पशास्त्रात या पद्धतीला दिलेले नाव मोठे अर्थपूर्ण आहे. तिला ‘मधूच्छिष्टविधान’ म्हणतात. मधूच्छिष्ट म्हणजे मेण. मध काढून घेतल्यावर पोळ्यात मागे राहते ते मधाचे उच्छिष्ट. याच ‘उच्छिष्ट’ शब्दाचे मराठी रूप ‘उष्टे’ असे झाले. मराठी घरात उष्टे म्हणजे हात न लावण्याची वस्तू. पण ज्या मूर्तीपुढे लोक हात जोडतात, तिचा पहिला आकार मधमाश्यांच्या उष्ट्यातून घडतो. शास्त्रकारांनी ते नाव लपविले नाही आणि बदललेही नाही. एका वस्तूचा शेवट ही दुसऱ्या वस्तूची सुरुवात असू शकते, हे त्यांना ठाऊक होते.

अर्थशास्त्रज्ञ अलीकडे ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ असा शब्द वापरतात. जमिनीतून काढा, वस्तू करा, वापरा आणि फेकून द्या, ही झाली सरळ रेषेतली रीत. वापरलेली वस्तू पुन्हा कच्चा माल म्हणून परत यावी, ही चक्रीय रीत. तिच्यामागे केवळ भावना नाही, हिशेब आहे. खाणीतून काढलेल्या धातुकापासून तांबे तयार करण्याला जितकी ऊर्जा लागते, तिच्या तुलनेत मोडीच्या तांब्यापासून तांबे करताना ८५ टक्क्यांपर्यंत ऊर्जा वाचू शकते. ॲल्युमिनियमच्या बाबतीत ही बचत सुमारे ९५ टक्के आहे. जगात वापरल्या जाणाऱ्या तांब्यापैकी जवळजवळ एक तृतीयांश तांबे जुन्या तांब्यातूनच परत येते. स्वामीमलैच्या स्थपतीने ही आकडेवारी वाचली असेल वा नसेल. मुशीपुढे बसणाऱ्याला धातूची किंमत शिकवावी लागत नाही.

परंतु या गावाचे कौतुक करताना डोळे मिटणेही योग्य नव्हे. भट्टीचा धूर आणि वितळलेल्या धातूच्या वाफा काम करणाऱ्याच्याच छातीत जातात. धातू आणि मेण फिरून येतात, पण गाळ फिरून येत नाही. साच्याचा पहिला थर ज्या तलम गाळाचा, तो नदीने पुरासोबत आणावा लागतो. धरणांच्या भिंतीमागे गाळ अडतो आणि वाळूच्या उपशाने नदीची पात्रे खरवडली जातात. मूर्तीच्या बोटांवरच्या अंगठ्या, वस्त्राची चुणी, ओठांची कड हे सारे त्या पहिल्या थरात उतरते. नदी बिघडली तर चक्राचा तेवढाच एक दुवा तुटेल आणि बाकीचे सारे दुवे शाबूत असूनही मूर्ती होणार नाही. कोणतेही चक्र संपूर्ण माणसाच्या हाती नसते, हे ध्यानात ठेवणे बरे.

तरीही स्वामीमलैच्या कारखान्यात कचरा इतका कमी का होतो, या प्रश्नाचे उत्तर शोधले पाहिजे. कारागीर जास्त सद्गुणी आहेत म्हणून, असे उत्तर पुरेसे नाही. खरे कारण साधे आहे. तेथे कोणतीही वस्तू दुसरीत मिसळू दिली जात नाही. मेणात माती गेली तर पुढच्या मूर्तीची त्वचा खरबरीत होते. तांब्यात नको तो धातू शिरला तर ओतीव सच्छिद्र होते. म्हणून मेण मेणाच्या जागी, कीस किसाच्या जागी, माती मातीच्या जागी. प्रत्येक वस्तूला नाव आहे, जागा आहे आणि तिची पुढची गरज कोणाला आहे हे माहीत आहे. वस्तूचे नाव पुसले जाते तेव्हाच ती कचरा होते. तांब्याचा कीस कचरा नव्हे, भाताचे तूस कचरा नव्हे, केळीचे पान कचरा नव्हे. पण हे तिन्ही एका पिशवीत कोंबले, वर उरलेले सांबार ओतले आणि पिशवीला गाठ मारली, की चौथीच एक वस्तू तयार होते. तिला कोणी विचारत नाही.

मराठी घरांतही हे शहाणपण होते आणि भाषेत त्याच्या खुणा अजून शिल्लक आहेत. आज ‘मोडीत काढणे’ म्हणजे निकामी ठरवून बाजूला टाकणे. पण भांड्यांच्या दुकानात ‘मोड’ हा मोलाचा शब्द होता. फुटका तांब्या, चेपलेले घंगाळ, तळ गेलेले पातेले मोड म्हणून तराजूत जात असे आणि तितकी रक्कम नव्या भांड्याच्या किमतीतून वजा होई. पुण्याच्या तांबट आळीतले ठोके ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना हे निराळे सांगायला नको. भांडे झिजले की कल्हईवाला येई. दारावर बोहारीण येई आणि जुन्या लुगड्यांच्या बदल्यात पातेले ठेवून जाई. देण्याघेण्यावरून अर्धा तास घासाघीस होई. अगदीच विरलेल्या लुगड्याची गोधडी होई, गोधडी फाटली की तिचे पायपुसणे होई. वर्तमानपत्राची रद्दी वाण्याकडे पुडीच्या रूपाने परत जाई. लग्नकार्याच्या पत्रावळी उकिरड्यावर जात आणि उकिरडा शेतात जाई.

या आठवणींनी मन हळवे होते, पण त्यांत एक सावधपणाही हवा. त्या काटकसरीचा बराच भाग टंचाईतून आलेला होता. गोधडी शिवणारे हात रात्री समईच्या उजेडात दुखत होते. आणि गावाची घाण उचलण्याचे काम काही जातींच्या माथी मारून बाकीचे गाव स्वच्छ म्हणवीत होते. तेव्हा जुने दिवस जसेच्या तसे परत आणण्याची इच्छा कोणी धरू नये. त्यातला वस्तूची ओळख न विसरण्याचा गुण घ्यावा आणि एकाच्या स्वच्छतेसाठी दुसऱ्याला घाणीत उभे करण्याचा दोष टाकून द्यावा.

हा गुण सुटला तर काय होते, हे पाहण्यासाठी स्वामीमलैहून फार दूर जावे लागत नाही. शेजारच्या कुंभकोणम शहराचा कचरा वर्षानुवर्षे करिकुळम येथे पडत गेला आणि त्याचा ढीग उभा राहिला. मंदिरांचे, पितळी भांड्यांचे आणि विड्याच्या पानांचे हे शहर. दर बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत असताना महामहम उत्सवाला लाखो यात्रेकरू तेथे येतात. नाशिकच्या सिंहस्थाशी या उत्सवाचे ग्रहगणिताचेच नाते आहे. शहर जुने आणि विद्वानांचे म्हणून कचऱ्याने त्याला सूट दिली नाही. पुढे गेल्या दशकात त्या ढिगाचे जैविक उत्खनन करण्यात आले. तमिळनाडूतल्या अशा आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते.

जैविक उत्खनन म्हणजे काय? जुना ढीग थराथराने खणायचा, त्याच्या लांबट राशी करायच्या, त्यांवर जिवाणूंचे द्रावण शिंपडायचे आणि राशी पुन्हा पुन्हा उलटून वाळू द्यायच्या. कुजण्याजोगे सारे कुजून गेले की माल मोठमोठ्या फिरत्या चाळण्यांतून चाळायचा. माती निराळी, दगडविटा निराळ्या, काच आणि धातू निराळे, प्लास्टिक व चिंध्या निराळ्या. प्लास्टिकचा जळाऊ भाग सिमेंटच्या भट्ट्यांना इंधन म्हणून जातो. बारकाईने पाहिले तर या प्रचंड यंत्रणेचे काम एकच आहे. घरात एकत्र झालेल्या वस्तू अनेक वर्षांनी, दुर्गंधीत उभे राहून, पुन्हा वेगळ्या करणे. ओट्याजवळ दोन डबे ठेवून जे काम क्षणात होते, तेच काम नंतर लाखो रुपये, वीज, डिझेल आणि माणसांचे आरोग्य खर्चून करावे लागते. आणि तेही पूर्वीसारखे होत नाही. खरकट्याने माखलेला कागद पुन्हा कागद होत नाही, आणि काचेच्या चुऱ्याची माती शेतात घालता येत नाही.

८ एप्रिल २०१६ रोजी लागू झालेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी म्हणूनच पहिली जबाबदारी नागरिकाच्या स्वयंपाकघरावर टाकली. कुजणारा, न कुजणारा आणि घरगुती घातक असे तीन भाग करूनच कचरा द्यायचा, असे त्या नियमांनी सांगितले. नियम चांगला आहे, पण जेथे तो पाळला जात नाही तेथे वेगळे करण्याचे काम कोणाचे हात करतात, याचाही विचार व्हावा. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली. डॉ. बाबा आढाव यांच्यासारख्या कार्यकर्त्यांचे पाठबळ तिला लाभले. संघटनेचे नाव ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. या नावातच शहाणपण आहे. बाकीचे शहर ज्याला ‘कचरा’ असे एकच नाव देत होते, त्याला त्या स्त्रियांनी तीन नावे दिली आणि चौथे नाव स्वतःच्या कष्टाला दिले. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. कचराकुंडीत उतरून वेचणाऱ्या बाईला घराच्या दारात उभे राहून कचरा घेण्याचा मान मिळाला. दारात येणाऱ्या त्या ताईच्या हाती काच कागदात गुंडाळून, वर खूण करून दिली, तर तिचे बोट कापत नाही. नागरिकशास्त्राचा हा धडा परीक्षेत येत नाही, पण त्यात नापास होणाऱ्यांची शिक्षा दुसऱ्याला भोगावी लागते.

कोकणातल्या वेंगुर्ल्याचेही उदाहरण आहे. तत्कालीन मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या कारकिर्दीत, २०१५ नंतरच्या काळात, त्या छोट्या नगरपरिषदेने घरोघरी वर्गीकरणाचा आग्रह धरला आणि केंद्रावर कचऱ्याचे वीसहून अधिक प्रकार वेगळे केले. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस, प्लास्टिकचा रस्त्याच्या डांबरात वापर, आणि जेथे नाक धरून जावे लागे त्या जागी बाग. लोक ती जागा पाहण्यासाठी सहली काढू लागले. मोठ्या शहराचे पैसे तेथे नव्हते. वेगळे करण्याचा हट्ट तेवढा होता.

येथे पालकांच्या मनातला एक रास्त प्रश्न उभा राहतो. घरी मन लावून दोन डबे ठेवावेत आणि कचऱ्याच्या गाडीत दोन्ही एकत्रच पडताना पाहावेत, असे अनेकांच्या वाट्याला आले आहे. मग एवढा खटाटोप कशासाठी? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. गाडीत मिसळणे चूक आहे आणि त्याबद्दल संबंधितांना पुन्हा पुन्हा विचारणे हा नागरिकाचा हक्क आहे. पण घराच्या हातातही काही उपाय आहेत. शहरी घरांतल्या कचऱ्यापैकी साधारण निम्मा भाग ओला असतो. तो घरातून, सोसायटीतून किंवा शाळेच्या आवारातून बाहेरच गेला नाही, तर गाडीत मिसळायला उरते काय? कोरडा कचरा मग खराब होत नाही. तो महिनाभर पोत्यात साठवून भंगारवाल्याला देता येतो.

ओल्या कचऱ्याचे खत करणे अवघड नाही. मात्र त्याचा नियम समजून घ्यावा लागतो. भाजीच्या देठांत नत्र अधिक, वाळलेल्या पाल्यात कर्ब अधिक. सूक्ष्मजीवांना दोन्ही लागतात. कर्ब सुमारे तीस भाग आणि नत्र एक भाग हे प्रमाण त्यांना मानवते. व्यवहारात याचा अर्थ असा की, ओल्या कचऱ्याच्या एका थरावर वाळलेल्या पाल्याचे दोन थर द्यावेत. वास येऊ लागला तर ओल जास्त झाली आणि हवा कमी पडली असे समजावे. पाला वाढवावा आणि ढीग खालीवर करावा. ढीग कोरडा पडला तर पाण्याचा हबका मारावा. सुरुवातीला थोडे शेण किंवा आंबट ताक घातले की काम लवकर सुरू होते. दोन-तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत, पावसाच्या पहिल्या सरीनंतर मातीला येतो तसा वास असलेले खत हाती येते. स्वामीमलैच्या साच्यात तूस, शेण आणि माती एकत्र येऊन मूर्तीला जन्म देतात. खताच्या खड्ड्यात तेच तिघे एकत्र येऊन कुंडीतल्या तुळशीला पोसतात.

तमिळनाडूने आणखी एक गोष्ट करून पाहिली. तेथे लग्नात पाहुण्यांना तांबूल देताना पिवळ्या कापडी पिशवीत देण्याची रीत आहे. तिला ‘मंजप्पै’ म्हणतात. मधल्या काळात ती पिशवी हातात असणे गावंढळपणाचे वाटू लागले आणि प्लास्टिकची पिशवी प्रतिष्ठेची झाली. १ जानेवारी २०१९ पासून राज्याने एकदाच वापरून फेकायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली. परंतु केवळ बंदीने सवय बदलत नाही, हे ओळखून २३ डिसेंबर २०२१ रोजी ‘मीण्डुम मंजप्पै’, म्हणजे ‘पुन्हा पिवळी पिशवी’ ही मोहीम सुरू झाली. जी लाज पिशवीला चिकटली होती, ती काढून घेण्याचा तो प्रयत्न होता. महाराष्ट्रातही २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आली. येथे बाजाराला निघताना कापडी पिशवी काखोटीला मारणारे आजोबा कोणे एके काळी घरोघरी होते. त्या पिशवीची लाज वाटू नये, एवढे जरी पुढच्या पिढीला साधले तरी बंदीचा निम्मा हेतू सफल होईल.

पिढ्यांची गोष्ट निघाली, तेव्हा स्वामीमलैची मूळ कथा सांगणे आवश्यक आहे. कार्तिकेय बालवयातच ब्रह्मदेवाला ओंकाराचा अर्थ विचारतो आणि ब्रह्मदेवाला तो सांगता येत नाही. मग शंकर मुलाला विचारतात, तुला तरी ठाऊक आहे का? मुलगा म्हणतो, सांगेन, पण शिष्यासारखे ऐकावे लागेल. आणि साक्षात शंकर त्याच्यापुढे शिष्यभावाने बसतात. स्वामींचाही नाथ झाला म्हणून तो स्वामीनाथ आणि त्याचे हे ठाणे म्हणून स्वामीमलै. या कथेत मुलाच्या हुशारीचे कौतुक सर्वांनाच वाटते. पण तिच्यातील खरी थोरवी ऐकून घेणाऱ्या बापाची आहे.

शाळेत मुलांना ओला आणि कोरडा कचरा वेगळा करायला शिकवितात. मूल ते मनापासून शिकते आणि घरी येऊन सांगते. घरी एखाद्या दमलेल्या संध्याकाळी त्याला उत्तर मिळते, ‘ते शाळेत ठीक आहे, इथे टाक सगळं एकाच डब्यात.’ त्या क्षणी मूल कचऱ्यासंबंधी काहीच शिकत नाही. शाळेत बोलायची गोष्ट निराळी आणि जगण्याची गोष्ट निराळी, हे मात्र ते शिकते. हा धडा एकदा पक्का झाला की पुढे प्रामाणिकपणा, समता, श्रमप्रतिष्ठा हे सारेच धडे त्याला शाळेपुरते वाटू लागतात. दोन डब्यांच्या प्रश्नात एवढे मोठे काही पणाला लागलेले असते. म्हणून पालकांकडे मागणे आहे ते एवढेच. मूल डबा बदलायला सांगेल तेव्हा घटकाभर शंकरासारखे बसावे आणि ऐकावे.

माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी अभियंते आहेत, कोणी दुकानदार, कोणी गृहसंस्थांचे पदाधिकारी, कोणी नगरसेवक असतील. त्यांच्या हाती एका डब्याहून मोठ्या गोष्टी आहेत. वस्तू बनविणाऱ्याने ती सुटी करता येईल अशी बनवावी. चकाकत्या पुड्यांत प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम असे एकमेकांना चिकटविलेले असते की भंगारवालाही त्यांना हात लावत नाही. तेथे मिसळण्याचे काम कारखान्यातच झालेले असते. गृहसंस्थेने खताच्या खड्ड्याला दोन वाहनांची जागा द्यावी. ज्याच्या हाती ठेका देणे आहे, त्याने गाडीत दोन कप्पे आहेत की नाहीत हे पाहावे आणि ते भरताना मधले दार उघडे राहत नाही ना, हेही पाहावे.

शेवटी पुन्हा त्या साठ पायऱ्यांकडे. पहिल्या पायरीचे नाव प्रभव, म्हणजे उगम. साठावे संवत्सर मराठी पंचांगात बहुधा ‘क्षय’ असे लिहिलेले असते. तमिळ पंचांगात तेच ‘अक्षय’ आहे. पायरी तीच, वर्ष तेच, फक्त एका अक्षराचा फरक. साठावे वर्ष संपले की दोन्ही पंचांगांत पुन्हा प्रभव येतो. शेवटाला क्षय म्हणावे की अक्षय, हे त्याच्यापुढची पायरी ठाऊक आहे की नाही यावर ठरते. पुढची पायरी ठाऊक असलेले मेण मूर्तीच्या कामी येते, पाला खत होतो आणि मोडीच्या तांब्याचा नवा तांब्या होतो. पुढची पायरी विसरलेली वस्तू करिकुळमच्या ढिगावर जाते.

शाळेची साठ वर्षे पूर्ण होत आहेत. उत्सवाची तोरणे, फुलांचे हार, पत्रावळी आणि कागदी कनाती उद्या उतरतील. त्या कोणत्या डब्यात जातात, हे पाहण्यासाठी मुले तेथे उभी असतील. एकसष्टाव्या वर्षाची पहिली पायरी तेथूनच सुरू होईल.